माहीत असलेली तार

सोमवार, ३ मार्च

ठकू आली! बॅग दारातच टाकली आणि सरळ आईच्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसली. लहानपणी बसायची तशीच, पाय पोटाशी घेऊन. तीन-चार आठवडे मुक्काम. नदीच्या अलीकडची-पलीकडची सगळी सूर्यफुलं यंदा तिच्या विमानातून फवारायची आहेत. हा भाग तिनं मागून घेतला की आपोआप मिळाला, विचारलं नाही.

मला म्हणाली, "बरे आहात ना, बाबा?" मी म्हटलं, "हो."

चार वर्षांत आमचं बोलणं याच्या पुढे गेलेलं नाही. चूक माझी. पायलट होणार, तेही फवारणीच्या विमानाची, असं तिनं सांगितलं तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो होतो. कारण मात्र सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

ही स्वयंपाकघरात मला कोपरखळी मारून गेली – "आता तरी तोंड उघडा. लेक आहे, साहेब नाही तुमचा."

मंगळवार, ४

ठकूनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. आमच्याच वीज खात्याचा, पण जुना. नदीपलीकडचे तीन फाटे त्यात नाहीतच. ते मी स्वतः ओढलेत, रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी!

"अगं, इथून एक लाइन पंपाकडे जाते."

"वरून एक फेरी मारून बघणारच आहे मी."

"वरून दिसत नाही तार."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी वर गेलाय?"

"खांबावर गेलोय. चौतीस वर्षं."

हसेल वाटलं होतं. नाही हसली. पण पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी तीन रेघा मारल्या. 

गुरुवार, ६

आज पहिल्यांदा तिला उडताना पाहिलं. पाहायला नको होतं.

सकाळी वारा पडलेला असतो तेव्हाच फवारणी करतात. मी सायकल घेऊन गेलो. पिवळं विमान, एकाच माणसाचं, पोटात औषधाची टाकी. शेतावर इतकं खाली येतं की फुलं माना टाकतात. शेताच्या टोकाला आमची लाइन. मला वाटलं, आता उचलेल – तर ती तारांच्या खालून गेली! खालून! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पलीकडे वळत होती, सायकल वळवावी तशी.

धावपट्टीवर गाठलं तिला. धावपट्टी कसली, कापलेलं गवत. काय वाट्टेल ते बोललो. ती हेल्मेट काखेत धरून ऐकत होती. मग म्हणाली, "झालं? बाबा, वरून जाताना तार अंगावर येते कधी ते कळत नाही. खालून जाताना जमीन दिसते, खांब दिसतात. जिथं जागा आहे तिथंच जाते मी." आणि मग – "उद्यापासून येऊ नका. तुम्ही तिथं असलात की मला टेन्शन येतं."

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो.

शुक्रवार, ७

गेलो. पण लांब, शेताच्या कोपऱ्यावरच्या बांधावर उभा राहिलो. तिला काय कळतंय!

शनिवार, ८

आजही.

विमान घरावरून गेलं की हिचं मशीन थांबतं म्हणे. आवाज दूर गेला की परत सुरू. मला शेजारणीनं सांगितलं. शाळेचे चाळीस युनिफॉर्म शिवायचेत, आणि बाई रोज दहा-दहा मिनिटं सुई वर धरून बसतात.

रविवार, ९

सोसाट्याचा वारा. काम बंद. ठकू चहा पिता पिता म्हणाली, "चला, दाखवा तुमच्या तारा."

दिवसभर पायी हिंडलो. बाप-लेक! किती वर्षांनी!

मी शिकवलं – तार शोधायची नाही, खांब वाचायचा. खांबाला ताण दिलेला असला, म्हणजे जमिनीत तिरकी तार पुरलेली असली, की समजायचं, लाइन इथं वळते किंवा संपते. आडवे अँगल दोन दिशांना दिसले की इथून फाटा फुटलाय, मग तो कितीही झाडीत लपलेला असो. आणि मोठ्या मनोऱ्यांवर जाड तारा पाहून त्यांच्या वरून उडी मारलीस तर फसलीस. त्यांच्याही वर एक बारीक तार असते, वीज पडली तर जमिनीत न्यायला. जाड तारा दिसतात, ती दिसत नाही.

ती वहीत लिहून घेत होती. मध्येच म्हणाली, "आमचे सर सांगायचे, तारेला धडकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ती तार माहीत असते. सकाळी बघितलेली असते. मग एक क्षण डोकं दुसरीकडे जातं, आणि तेवढ्यापुरती ती तार जगातच नसते."

नदीपाशी आलो. इथं लाइन एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते, मध्ये एकही खांब नाही. मी बसलो. आणि सांगून टाकलं.

एकतीस वर्षांपूर्वी. ठकू तेव्हा जन्मलीही नव्हती. एक छोटं विमान ह्याच नदीवरच्या त्या वरच्या बारीक तारेला अडकलं. पायलट तिथंच गेला. तरणाताठा होता. तार मी बांधलेली. चौकशी झाली, चूक कुणाचीच नाही असं ठरलं. साहेबांनी मलाच परत वर चढवलं – संध्याकाळच्या आत लाइन सुरू व्हायला हवी होती. मी वरून खाली पाहिलं, तर विमानाचा पंख अजून पाण्यात होता. मी तार बांधली. दिवे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ठकूनं वही मिटली. मग, "म्हणून नको म्हणत होतात?"

"हं."

"मग सांगायचं ना, बाबा! मला वाटायचं, मुलगी म्हणून नको म्हणताय."

 चार वर्षं पोरगी हे मनात घेऊन उडत होती. तिनं माझा हात धरून मला उठवलं आणि पार घरापर्यंत सोडला नाही.

मंगळवार, ११

आज मी विमानात बसलो. वय वर्षे बासष्ट!

ठकूच्या मालकांकडे शिकवण्याचं दोन जणांचं विमान आहे. तिनं परस्पर ठरवलं होतं. मालक माझ्या वयाचेच. मला पट्टे बांधताना म्हणाले, "काका, घाबरलात तर माझ्या दंडाला धरा, दांड्याला धरू नका." ठकू बाहेर उभी राहून तोंडावर हात ठेवून हसत होती.

वर गेलो. काय सांगू! आपलं घर काडेपेटीएवढं. हिनं दोरीवर टाकलेली लाल चादर दिसली. नदी दिसली. शेतात वाकलेल्या बाया दिसल्या, एकीनं वर पाहिलं तेही दिसलं. आणि माझी लाइन? खांब दिसले – काड्या टोचल्यासारखे. तारा नाहीत. एकही नाही. मालकांनी मुद्दाम लाइनीच्या बाजूबाजूनं नेलं. मी डोळे फाडून बघतोय, मला तर एकेक खांब कुठं आहे ते पाठ! नाही म्हणजे नाही. मग उन्हाचा कोन बदलला आणि एक क्षण तीन चांदीचे केस चमकले. परत गायब.

चौतीस वर्षं मी काय काम केलं, ते वरून दिसतच नाही.

खाली उतरलो. ठकू म्हणाली, "कसं वाटलं?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला कळलं असावं.

गुरुवार, १३

खात्यात जाऊन आलो. नवीन ज्युनिअर इंजिनिअर आहेत, तिशीचे, सभ्य. नदीवरच्या वरच्या तारेला केशरी गोळे लावा म्हटलं, फुटबॉलपेक्षा मोठे असतात ते, लांबून ठळक दिसतात. म्हणाले, "काका, मनोऱ्याची उंची नियमात बसत नाही. ठरलेल्या उंचीहून उंच असेल तरच गोळे."

मी म्हटलं, "साहेब, विमान खालून उडतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाइल मागवली. "लेखी द्या," म्हणाले. तिथंच बसून दिलं. शुद्धलेखनाच्या पाच चुका, त्यांनी दुरुस्त केल्या.

रविवार, १६

आज ठकू दुपारी हिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. नदीच्या अलीकडचा, तेवीस एकरांचा शेवटचा तुकडा तिनं शनिवारी एका दमात संपवला, खांदे दुखतात म्हणे. ही एका हातानं तिच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं बटणं लावायचा प्रयत्न करत होती. "अहो, जरा सुईत दोरा ओवा," मला म्हणाली. मी तीनदा चुकलो. ठकू डोळे मिटूनच म्हणाली, "ह्यांनी आयुष्यभर तारा ओवल्या आणि दोरा येत नाही!"

म्हणजे झोपली नव्हती.

हिनं तिच्या सीटसाठी उशी शिवलीय. वर लिहिलंय 'हळू'. ठकू म्हणते, "आई, हळू गेले तर विमान पडतं गं!" तरी घेऊन गेली.

बुधवार, १९

रोज ती असेल त्या शेताच्या बांधावर. पांढरा शर्ट घालून जातो, ऊन लागत नाही. सहा ते साडेनऊ. पाय दुखले की दगडावर टेकतो. ती येऊ नका म्हणाली होती. नंतर त्यावर बोलणं नाही. तिला माहीत नाहीच बहुतेक.

गुरुवार, २०

इंजिनिअरसाहेबांचा निरोप! उद्या सकाळी आठला उपकेंद्रात या, वरिष्ठ येणार आहेत, समक्ष बोला. म्हणजे काहीतरी होतंय!

ठकूला सांगत नाही. फिसकटलं तर उगाच तिला वाईट वाटेल. झालं की कागदच हातात ठेवीन.

शुक्रवार, २१

ठकू वाचली. बाकी उद्या.

शनिवार, २२

हात आता स्थिर आहे. लिहून ठेवतो.

काल आठला उपकेंद्रात पोचलो. वरिष्ठ साहेब मोठ्या मनाचे निघाले. नियमात नसलं तरी खास बाब म्हणून नदीवर सात गोळे. सही झाली. मी कागद दोनदा घडी करून खिशात ठेवला, दोनदा काढून पाहिला. चहा आला. तेवढ्यात – पावणेनऊ झाले होते – पलीकडच्या खोलीत भोंगा वाजला. लाइन ट्रिप झाल्याचा, म्हणजे आपोआप बंद पडल्याचा. ऑपरेटर ओरडला, "नदीपलीकडचा फीडर गेला!"

मीच म्हणालो, "काही नाही, पक्षी बसला असेल." चहाचा घोट घेत म्हणालो. हे मला कधी विसरता येणार नाही.

लाइन अशी गेली की ऑपरेटर एकदा परत चालू करून पाहतो. पक्षी असला, फांदी असली, तर दुसऱ्यांदा टिकते. मीही माझ्या काळात हजारदा सांगितलंय, 'मारून बघ'. तो पॅनेलकडे गेला. हात बटणावर. आणि माझ्या डोक्यात आलं – आज ठकू त्याच बाजूला आहे.

मी ओरडलो. कप कुठं पडला माहीत नाही. "मारू नको! थांब! हात काढ!" साहेब दचकून उभे राहिले. मी म्हटलं, "माझी मुलगी उडतेय तिथं. आधी माणूस पाठवा. तोवर हात लावायचा नाही कुणी." रिटायर माणूस मी, मला कसला अधिकार! पण ऑपरेटरनं हात मागे घेतला. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "लाइन बंद राहील. माझ्या जबाबदारीवर." आणि जीपची चावी घेतली.

विमान सूर्यफुलांत पोटावर पडलं होतं. चाकांच्या पुढे पातं असतं, तार कापायला. एक तार त्यानं कापली. दुसरी चाकात गुंतली, खांबावरून सुटली आणि विमानाच्या पाठीवर येऊन पडली होती. काचेला लागून. ठकू आत होती, जागी. आणि एक हात काचेच्या बाहेर काढून ती तार बाजूला करायला बघत होती! लाइन बंदच असेल असं वाटलं तिला.

ऑपरेटरनं ते बटण दाबलं असतं तर – नको.

मी तार स्वतः उचलली. साहेब नको म्हणत होते. मी म्हटलं, "लाइन दोन्ही बाजूंनी जमिनीला जोडा, मग मीच उचलणार." तसंच केलं. ठकू म्हणाली, "बाबा, मला माहीत होती हो ही तार. नऊ तारखेला तुम्हीच दाखवली होतीत." आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.  मी उशी तिच्या पाठीमागून काढून डोक्याखाली दिली.

गळ्याखालचं हाड मोडलंय, डावं मनगट मोडलंय. बाकी देवाची कृपा. ही दवाखान्यात तिच्याजवळ आहे. मला घरी पाठवलं. बसलोय. मशीन बंद आहे. घर किती शांत असतं!

नदीची भीती घेऊन एकतीस वर्षं बसलो. ठकू अडकली ती साध्या लाइनीत. गोळेही लागत नाहीत तिला.

मंगळवार, २५

चौकशीचे दोघे दवाखान्यात येऊन गेले. ठकूनं सांगितलं, सूर्य डोळ्यांवर आला.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. गप्प राहिलो. पण ते शेत मला माहीत आहे. लाइन पश्चिमेच्या कडेला. ती लाइनीकडे जात होती, सकाळचे पावणेनऊ. सूर्य तिच्या पाठीमागे होता.

ती खोटं का बोलली? इंजिन बिघडलं होतं का? मालकांना वाचवतेय? चक्कर आली? हिला विचारलं तर म्हणाली, "पोरीला आधी बरी होऊ द्या. तुमची चौकशी नंतर."

गुरुवार, २७

ठकू घरी. प्लास्टरवर शेजारच्या सगळ्या पोरींनी सह्या केल्या. मी तिला डाव्या बाजूनं भरवतो, ही उजव्या बाजूनं. "मी काय पिल्लू आहे का!" म्हणते. तोंड मात्र उघडते.

आज नदीवर गोळे लागले. तिला गाडीतून दाखवायला नेलं. सात केशरी गोळे. तिनं ते तीनदा मोजले. ह्यासाठी त्या दिवशी ऑफिसात होतो, हे तिला आज कळलं. एकदम तिनं खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, आनंद झाला असेल.

रविवार, ३०

आज तिनं सांगितलं. ही बाजारात गेली होती, घरात आम्ही दोघंच.

सूर्य नव्हता. इंजिन ठीक होतं. रोज प्रत्येक वळणावर तिला बांधावर पांढरा शर्ट दिसायचा. पहिल्या दिवसापासून. तो दिसला की ती पुढची फेरी घ्यायची. त्या दिवशी दिसला नाही. पहिल्या वळणावर नाही, दुसऱ्या नाही. बरं नसेल का, सायकलवरून पडले का, असं मनात येत राहिलं. पावणेनऊच्या सुमारास एका वळणावर तिनं मान जरा जास्त वेळ वळवून बांध पाहिला.

एवढंच.

 तिनं चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तुम्ही बांधावर असतात तर मी धडकले नसते. आणि ऑफिसात नसतात तर मी वाचले नसते. आता ह्याचा हिशेब करत बसू नका, बाबा. आईलाही सांगू नका."

मग म्हणाली, "फक्त यायचं नसेल ना, तर आदल्या दिवशी मला सांगत जा."